तुलना-गट

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत
मांडीवर चौपन्न प्रश्नावल्या, वर दगडासारखा मोबाईल.
खाडीवरचा वारा कुणाच्या मताचा मान ठेवत नाही,
'पूर्ण सहमत' काय, 'अजिबात असहमत' काय,
सगळी पानं सारखीच फडफडतात.

प्रश्न सोपा होता, निदान प्रस्तावात तरी:
बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची अठ्ठावीस मुलं
सत्रभर मिळून एकच खाजन शिकली,
तर त्यांना जास्त काय कळतं?
उरलेली सव्वीस आपापल्या वर्गात बसली.
ती माझी तुलना.

पहिल्याच दिवशी बांधावर
भौतिकशास्त्राचा शाणू वेळीप मानशीच्या दारांपाशी अडला.
भरतीला बाहेरचं पाणी ती लावून घेतं,
ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं.
"म्हणजे रात्री इथं कुणीच नसतं?"
इतिहासाच्या एव्हरिस्टानं जुन्या पोर्तुगीज वहीतून
मासळीच्या पावणीचा आकडा काढला होता,
म्हणाली, रात्री इथंच तर सगळे असतात.
मग दोघं भांडली,
दार लाकडाचं असतं की हक्काचं.
मी टिपलं: समन्वय, पातळी दोन.

राखणदार इनास बिडी विझवत म्हणाला,
"बांद फुटलो जाल्यार तीन वर्सां कोरगूटूय जायना.
आनी दार सदांच धांपून दवरलें जाल्यार उदक कुसता."
इतकी आयती उपमा!
मी घेतली नाही. संशोधनात बसत नाही.
(घेतली. शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं.)

पूर्वचाचणी, उत्तरचाचणी.
पाचांपैकी सरासरीचा फरक: शून्य पूर्णांक तीन.
विभागप्रमुखांनी चष्मा पुसत विचारलं, "लक्षणीय?"
"नाही, पण..."
'पण'ला कोष्टकात रकाना नसतो.

दोन वर्षांनी पाठपुराव्याचे फोन.
शाणू जहाजावर, रेंज नाही.
एव्हरिस्टा स्विंडनला, गोदामात.
म्हणाली, पाळी बदलताना तिथली दारं आपोआप उघडतात,
दर वेळी मी मागे वळून बघते, पाणी आलं का म्हणून.
हे मी कुठल्या प्रश्नाचं उत्तर धरू?
अकराजणांनी सगळीकडे 'तीन' दिले,
जेवायची वेळ होती म्हणून.

मग तुलना-गट. क्रमांक एक्केचाळीस,
मंजिता च्यारी, वाणिज्य, गावच्या कुळसंघात हिशेब बघते.
मी 'अत्यंत उपयुक्त'पर्यंत पोचायच्या आतच ती बोलायला लागली:
बांधाच्या डागडुजीचं बिल खोटं होतं.
चिखल लावला म्हणतात वैशाखात,
आणि कुर्ल्यांची बिळं तर त्याच जागी, तेवढीच,
तिनं मोजली होती.
एका बिळाला किती टोपल्या, कुठल्या पुनवेआधी,
पूर्वी पावणीतून किती वाटा बांधाला जायचा,
तो कुठल्या साली बंद झाला.
सभेत ती उभी राहिली
तेव्हा खजिनदारानं पंखा वाढवायला सांगितलं.

मी हळूच विचारलं, हे कुठं शिकलीस?
"तुमच्या कोर्सला नव्हते मी, मॅडम.
शनिवारी एव्हरिस्टाच्या स्कूटरवर मागं बसून यायची.
डबा खायला."

पद्धतीच्या भाषेत याला गळती म्हणतात.
तुलना-गट दूषित. नोंद वगळावी.

अहवाल उद्या द्यायचा आहे.
एक्केचाळिसावी ओळ पडद्यावर निळी करून
कधीची बसले आहे.
कुठून शिरलं पाणी, कुठल्या बिळातून,
ते मोजायला माझ्याकडे टोपली नाही.

शेवटी तिलाच परत फोन लावला.
एवढंच विचारायचं होतं, डब्यात काय असायचं.
"तिसऱ्यांचं सुकं," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"का? तेही प्रश्नावलीत आहे?"