एकतर्फी

पेपरात दोनच ओळी आल्या,
पान नऊ, पाणीकपातीच्या बातमीखाली:
देवळाली कॅम्पच्या कॉलेजकडून आमचा
सात-शून्य असा एकतर्फी पराभव.

मी खेळलो नव्हतो. गुडघा सुजलेला.
म्हणून लभडे सरांनी हातात दिली
फिजिक्सची जुनी जर्नल, मागची कोरी पानं,
आणि म्हणाले, गोल मोजू नकोस,
ते सगळेच मोजतात.
चेंडू आपल्या पायातून कुठे सुटतो
तिथे फुली मार.

मी मैदान काढलं, पट्टीशिवाय, जरा वाकडं.
डावीकडे आमचा गोल, कुंपणापलीकडे गंगापूर रोड,
उजवीकडे त्यांचा, आणि त्याच्याही मागे
पांडवलेणीचा डोंगर, डिसेंबरच्या धुरकटीत अर्धा पुसलेला.

पहिली फुली चौथ्या मिनिटाला.
मुजाहिद पिरजादेनं दिलेला पास बरोबर होता,
फक्त तिडके तिथून निघून गेला होता.
एवढंच. कुणी धडपडलं नाही.
आमच्या बॉक्सपासून बारा पावलं.
बारा पावलं म्हणजे
हॉस्टेलच्या नळापासून मेसच्या दारापर्यंत.
भरलेली बादली न हिंदकळता जाता येतं.

ते तेवढंच चालले.

आमचा अन्वय भामरे मात्र दर वेळी
ऐंशी पावलांवर निघायचा,
जसं कुणी सीबीएसवरून पायी त्र्यंबकला निघावं
आणि मायको सर्कललाच चप्पल तुटावी.

विसाव्या मिनिटापर्यंत नऊ फुल्या,
त्यातल्या आठ डाव्या कोपऱ्यात,
गुळाला मुंग्या लागाव्यात तशा.
दमलेला पाय आखूड मारतो,
आखूड चेंडू त्यांना मिळतो,
त्यांना मिळाला की आपण पुन्हा धावायचं.
मला वाटलं, मैदानच कललंय गोदावरीकडे.
इकडची सगळी गटारं तिकडेच तर उतरतात.

रेवण गांगुर्डेनं अकरा अडवले.
हे पेपरात नाही.
बाराव्याला तो उडाला तेव्हा
बोटांना चेंडू घासल्याचा आवाज बाकावर आला,
ओल्या कणकेवर थाप पडल्यासारखा.
मग जाळीतला चेंडू काढताना
तो इतका सावकाश वाकला
की जणू कुणा म्हाताऱ्याचं सांडलेलं उचलून देतोय.

हाफ टाइमला तीन-शून्य.
सर ओरडले नाहीत. जर्नल पाहिली,
ग्लुकोजचा चिकट हात पँटला पुसला.
लांब मारा, म्हणाले. आंधळा मारा, पण लांब.
चेंडू जाणारच आहे,
तर तिकडे जाऊ दे.

बाजू बदलल्या. मी जर्नल उलटी धरली.
दहा मिनिटं फुल्या पानभर पांगल्या,
एकही गोल नाही.
प्रेक्षकांतून कुणीतरी हसलं,
दगड भिरकावतायत काय पाखरांवर!
तिडकेनं ते ऐकलं.
तो कॅप्टन, त्याची मावशी आली होती सिन्नरहून.
पुढचा चेंडू त्यानं अदबीनं, आखूड,
अगदी नेटका द्यायचा ठरवला.

फुली.

त्यानंतर उतारही बाजू बदलून आला,
आता डोंगराकडे, पुन्हा आमच्यावर.
चार गोल अठरा मिनिटांत.
ते आमच्याहून सातपट चांगले नव्हते.
दीडपट असतील. बाकीचं अंतर
आम्ही त्यांना आयतं देत गेलो, पावलापावलानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगूमामा
फक्कीचा डबा घेऊन आले.
मॅच दिवशी ते पिंपळगावला होते, लग्नात.
या टोकाचा बॉक्स पाहिला,
रेषा तुडवून मातीत गेलेल्या.
त्या टोकाला चालत गेले. तिथेही तसंच.
परत येताना कंबरेवर हात ठेवून म्हणाले,
दोन्हीकडं सारखंच पुसलंय रे.
बरोबरीत सुटली वाटतं?

मी दोरीचं दुसरं टोक धरलं.
हो, म्हणालो,
जरा ओढून धरा मामा, वाकडी जातेय.