अठराच्या वर

कॉलेजच्या खिडकीतल्या माणसाने कागद सरकवला
आणि बोट ठेवलं शेवटच्या ओळीवर.
अठरा क्रेडिट तासांपर्यंत फी ठरलेली.
अठराच्या वर दर तासाला पासष्ट रियाल.
सुमैराने या सत्रात एकवीस घेतलेत.

मी विचारलं, जास्त शिकते म्हणून दंड?
"दंड नाही चाचा, चार्ज," तो म्हणाला.
दंड असता तर निदान माफी मागता आली असती.

परत येताना गाडीत ती गप्प.
तिचं गणित मला माहीत होतं.
माझा करार संपतो जूनच्या तीसला,
तिची पदवी, सरळ चालीने, डिसेंबरात.
मधले सहा महिने कुणाच्या व्हिसावर काढायचे
हे कुठल्याच विषयात शिकवत नाहीत.
म्हणून तिने डिसेंबर उचलून जूनच्या आत कोंबला,
तिची आई गावी जाताना बॅग भरते तसा:
आधी एक गुडघा, मग दुसरा,
मग मला म्हणते, "तुम्ही बसा वर."

सोहारच्या बंदरात मी कंटेनर मोजतो.
आठ तासांच्या वर थांबलो की कंपनी देते
तासाला एक रियाल साडेसातशे बैसा.
म्हणजे जादा तासाचे पैसे मला मिळतात
आणि जादा तासाचे पैसे तिला पडतात.
रात्री पावतीच्या पाठीवर भागाकार मांडला.
एकशे पंच्याण्णव भागिले पावणेदोन:
एकशे अकरा तास, वर सव्वीस मिनिटं.
तासांचं काही वाटलं नाही.
ती सव्वीस मिनिटं खुपत राहिली.
तेवढ्यात आमचा क्रेनवाला
दोन चहा आणि घरचा एक फोन उरकतो.

तीन तासांचा तो विषय तरी कसला, विचारलं.
"फलज," म्हणाली.
डोंगराच्या पोटातून गावात आणलेला पाट, एवढं मला ठाऊक,
शुक्रवारी आम्ही त्यात पाय सोडून बसतो.
हे ठाऊक नव्हतं, की तिथे पाणी वेळेने वाटतात.
ज्याच्या नावावर अर्धा तास
त्याच्या खजुरांना अर्धा तास.
मोकळ्या जागी एक काठी रोवलेली,
तिची सावली खुणेवर आली की पाळी संपली,
माती ओढायची, तोंड बुजवायचं.
रात्री तारे बघायचे.
आणि ढग आले तर?
"तर भांडायचं," म्हणाली,
आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

मग मी तिला आमच्या बशीरचाचाचं सांगितलं.
सुपारीच्या बागेत आमच्याकडेही पाळीचं पाणी.
पहाटे कुदळीच्या एका घावात
तो शेजाऱ्याचा पाट आपल्याकडे वळवायचा.
धरला तेव्हा म्हणाला,
"पाणी झोपलं होतं, मी फक्त उठवलं."
तिने ते वहीत लिहून घेतलं.
परीक्षेत चालेल का, माहीत नाही.

हप्ते पाडून घेतले. पहिला भरला.
आता आठवड्यातून चार रात्री थांबतो यार्डात,
फोरमन तासांवर सही करतो,
मिनिटं कुणीच लिहून घेत नाही.

काल घरी आलो तेव्हा ती टेबलाशीच होती.
थंड भाताचं ताट बाजूला सारलेलं,
कागदावर काठी, काठीची सावली, बाणांची गर्दी.
हेल्मेट ठेवलं तरी मान वर नाही.
मी कोचावर आडवा झालो, बूट पायातच.
"किती वाजले, अब्बा?"
सव्वादोन.
"मग अजून माझी पाळी आहे,"
ती म्हणाली,
आणि माझ्या डोळ्यांवर येणारा दिवा
थोडासा पलीकडे वळवला.