माया, पाया, किम्सा

आई मेणबत्त्या विकायची,
ला पाझच्या दफनभूमीच्या फाटकाशी, चढावर.
रस्त्यापलीकडे डोन तोरिबियोचा खोका
तीन लाकडी पायांवर उभा,
एका अंगाला काळी बाही,
जुन्या कोटाची कापून शिवलेली.
मी सहा वर्षांची. मला वाटे
आत कुणीतरी राहतं.

ओळखपत्रासाठी माणसं यायची.
टोपी काढा. वेण्या मागे. हसू नका.
हलू नका.
मग तो भिंगावरचं झाकण काढी
आणि आमच्या आयमारा भाषेत मोजी:
माया, पाया, किम्सा.
झाकण परत. झालं.
एवढ्याशा वेळात माणूस सरकारला दिसू लागे.

एकदा त्यानं माझा हात बाहीत घातला, कोपरापर्यंत.
आत ओलं होतं, आंबूस.
"चाचपड. कागद लागेल. कडेनं धर."
ओढून काढला तर त्यावर एक बाई:
चेहरा काळा, केस पांढरे,
डोळ्यांत भलतीकडेच उजेड.
"ही कोण?"
"मघाशी तूच तिला मेणबत्ती विकलीस."
जगाची उलटी बाजू एका खोक्यात असते
आणि ती बादलीभर पाण्यात धुता येते,
हे कळल्यावर झोप कुठली यायला.

आई-बाबांच्या लग्नाचा फोटो नाही.
केकला एक धर्मबाप, अंगठ्यांना एक, वाजंत्र्यांना एक;
फोटोचा खर्च उचलायला कुणी उरला नव्हता.
तोरिबियोनं मग दोघांचे ओळखपत्राचे फोटो
एका पुठ्ठ्यावर शेजारी चिकटवून दिले.
दोघंही समोर बघतात.
दोघंही हसत नाहीत.
मधे डिंकाची पिवळी रेघ.

म्हणून मी लग्नं धरली.
म्हटलं, जन्मभर हसणारी माणसं टिपीन.
कॅमेरा एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारातला,
पट्ट्याला कुणा दुसऱ्याच्या मानेचा घाम.
पहिलं लग्न ब्रिहिदा तिकोनाचं.
आणि ब्रिहिदा हसेना.
छातीवर टाचलेल्या नोटा, केसांत कागदी बर्फ,
ट्रम्पेटवाल्यांचे गाल दमून गेले,
दारापाशी बिअरच्या पेट्यांची भिंत चढत चाललेली,
आणि नवरी ओळखपत्रासारखी.
"जरा हस ना गं."
तिची आत्या माझ्या कानाशी आली,
"लग्नात हसली तर संसारात रडेल.
तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

नव्हतं शिकवलं.
की शिकवलं होतं, पुठ्ठ्यावर,
आणि मी त्याला गरिबी समजत होते.

पहाटे चारला हॉल झाडायला पोरं आली.
ब्रिहिदा बूट काढून बसली.
कुणी किती पेट्या आणल्या, नवरा वहीत उतरवत होता;
उद्या त्यांच्या घरी लग्न निघालं की फेडायच्या.
"क्रिसोस्तोमो काका, अकरा."
"बारा."
"अकरा. मी मोजल्यात."
"बाराव्या पेटीवर बसून मोजल्यास."
आणि तिला हसू फुटलं,
तोंडावर हात, आधी इकडेतिकडे पाहून.
रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

तो मी अल्बममध्ये लावला नाही.
अडीच इंचाच्या हसण्यावरून
कुणाचा संसार कशाला पणाला लावायचा?
खणात ठेवला, पाकिटात.

आता एका रात्रीत दोन हजार फोटो निघतात.
"जरा जवळ या" म्हणून घसा बसतो.
बोट मात्र अजून ओठांतल्या ओठांत मोजल्याशिवाय
खाली जात नाही.

परवा ब्रिहिदा आली दुकानात.
ओळखपत्राची मुदत संपलेली. नवराही गेलेला, मागच्या ऑगस्टमध्ये.
खुर्चीत ताठ बसली, टोपी मांडीवर.
"हसायचं नाही ना?"
"नाही."
माया, पाया, किम्सा.

मग मी खण उघडला.
पाकीट तिच्या टोपीवर ठेवलं.
तिनं फोटो खिडकीपाशी नेला, डोळ्यांजवळ, मग लांब.
बाहेर मिनीबसवाला थांब्यांची नावं ओरडत होता.
बराच वेळ गेला.

"बाराच होत्या,"
ती म्हणाली.