उर्वरित अंश

मोहाडीच्या बागांत डिपिंग चालू होतं तेव्हा
निवृत्ती गायखे गेला.
मणी ज्वारीएवढा झाला की
घड कपात बुडवायचा, झटकायचा, सोडायचा,
पुढचा.
आठ दिवसांत मणी असा फुगतो
की देठालाही कळत नाही आपण काय धरलंय.

वय तेवीस. पेपरात आलं:
तालमीत जोर मारताना हृदयविकाराचा तीव्र झटका.
जोर मारताना नाही.
तालमीमागच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीवर बसून
तो मॅटच्या बुटाची नाडी बांधत होता.
एका पायाची बांधून झाली होती.

मी त्याचा जोडीदार.
सात वर्षं त्याच्याखाली पडलो,
त्याला वर राहायची सवय लागावी म्हणून.
थंडीत बागेत डिपिंगला जातो,
फेब्रुवारीत पिंपळगावच्या पॅकहाऊसला पेट्या भरतो.
माल युरोपला जायच्या आधी
बागेतून नमुना जातो लॅबला.
औषधाचा उर्वरित अंश जरा जास्त निघाला
की अख्खा प्लॉट नापास.
शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, फवारणीची तारीख,
कोणी मारलं, किती मारलं, कशावर मारलं,
सगळं वहीत लागतं.

निवाला गट नंबर नव्हता.

घोड्याचं आहे, मेडिकलवाला म्हणाला होता,
घोड्यांना चालतं.
पैसे आप्पा मोगलांचे, खुराकाच्या खात्यावर:
बदाम, तूप, थंडाई, इतर.
वस्ताद म्हणाले, मला काही सांगू नका,
वजन वाढलं की तेवढं सांगा.
जानोरीच्या मैदानात शेवटच्या कुस्तीला
पाच हजार माणसं त्याच्या खांद्यांकडे बघून
शिट्ट्या मारत होती.
निवेदक ओरडत होता, दूध-तुपाचं शरीर बघा मंडळी,
दूध-तुपाचं!
आणि निवा हलगीच्या ठेक्यावर मांडी थोपटत हसत होता,
पाठीवरच्या पुटकुळ्यांना
लाल माती जाड फासून.
ती माती मीच फासली होती.

सुईही मीच द्यायचो.
त्याला सुईची भीती वाटायची, हे कुणाला माहीत नाही.
सव्वाशे किलोचा पैलवान
भिंतीकडे तोंड करून विचारायचा, झालं का?
झालं, मी म्हणायचो,
अजून टोचलेलीही नसताना.

दहाव्याला कादवेच्या काठी कावळा शिवेना.
आप्पा पुढे आले, हात जोडून:
बहिणीच्या लग्नाचं मी बघतो.
कावळा बाभळीवर.
वस्ताद म्हणाले: दरसाल तुझ्या नावानं मैदान भरवू,
चांदीची गदा ठेवू.
कावळा बाभळीवरच. मान वाकडी करून
चोच घासत होता फांदीला.
आईनं काहीच कबूल केलं नाही.
तिनं एवढंच विचारलं,
अंघोळ घालताना बघितलं मी, त्याच्या कमरेखाली
ते बारीक बारीक काळे टिपके कसले होते रे?
मला विचारलं असं नाही.
बघत मात्र माझ्याकडे होती.
डास, कुणीतरी म्हणालं. तालमीत डास फार.

ऊन चढलं. कुणाला नाशकात काम होतं,
कुणाची मोटर लावायची राहिली होती.
गुरुजींनी दर्भाचा कावळा केला,
पिंडाला लावला,
सगळे धोतर झटकत उठले.

काल बागेत घड कपात तसाच धरून उभा राहिलो.
मुकादम ओरडला, किती वेळ बुडवतो, जळेल ना तो!
खिशात फोन वाजत होता. वस्ताद.
दिंडोरीकडचा नवा पोरगा आलाय, अठरा वर्षांचा,
हाड मोठं आहे,
जोडीदार पाहिजे.

येतो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

पॅकहाऊसची सवय, दुसरं काय.
पेट्यांच्या हिशेबाची एक वही आहे माझ्याकडे.
मागच्या पानांवर तारखा आहेत,
डावा, उजवा, किती, कोणी आणून दिली.
अक्षर माझं आहे.
अजून कुणी मागितलेली नाही.