घट्ट

पनवेलच्या वन्संनी दिवाळीत दिलेले कडवे वाल
जानेवारीत काढले.
ग्वाल्हेरात सगळं मिळतं, कडवे वाल तेवढे मिळत नाहीत.
दौलतगंजातला किराणावाला दरवेळी सेमचं बी पुढे करतो,
"यही तो है, भाभीजी."
हे ते नसतं.

रात्रभर भिजवले, फडक्यात बांधले.
मोड येईनात. तीन दिवस नुसता कोहरा,
खोबरेल तेलाचा बाटलीत दगड झालेला,
वालांनी तरी कशाला बाहेर डोकावायचं?
शेवटी पुरचुंडी श्रीरंगच्या रजईत ठेवली, पायाशी.
तो काही बोलला नाही.

बोलणार कसा?
पडावच्या पुलावर स्कूटर घसरली त्याला आज अकरा दिवस.
वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधलेत.
"छह हफ़्ते पतला," डॉक्टर भदौरिया म्हणाले,
आणि माझ्या हातात एक छोटी पक्कड दिली.
उलटी झाली, श्वास अडकला, तर तारा कापायच्या.
ती फडताळात असते, मिठाच्या बरणीशेजारी.
मीठ घेताना रोज हात लागतो.

सव्वीस वर्षं हा माणूस
पहिल्या घासाला निकाल देत आला.
मीठ किंचित पुढे गेलंय.
परवाचं बरं होतं.
पनवेलला ह्यात गूळ घालतात.
आता शेजारच्या मुलीची पाटी आहे.
परवा मुगाच्या कढणावर लिहिलं: पाणी.
काल तुरीच्या वरणावर: तेच.
आज सकाळी, पेन्सिल मोडेपर्यंत दाबून: घट्ट.

बरं. घट्ट.

कोमट पाण्यात वाल, मध्ये परात, दोन बाजूंना आम्ही.
हात शाबूत आहेत त्याचे.
चिमटीत दाबलं की डाळिंबी सालातून सुटते,
कधी बोटांत राहते, कधी उडते.
एक उडाली ती थेट त्याच्या कपाळावर.
तो हसला.
बांधलेल्या दातांआडून हसतात कसं ते सांगता येणार नाही,
कुकर शिटी देण्याआधी करतो ना, साधारण तसा आवाज.
मी फडताळाकडे पाहिलं.
त्यानेही पाहिलं,
आणि जास्तच हसला.

तुपात जिरं, हिंग. लसूण चार पाकळ्या.
एक बटाटा, आल्याचा तुकडा, मिरची नाही, ठसक्याची भीती.
वन्सं फोनवर होत्या, स्पीकरवर:
"वालाचं सूप? अगं, बिरडं कर, वाटून दे!"
शिजलं, मिक्सरमधून फिरवलं,
गाळणीवर चमच्याच्या पाठीने घासघास घासलं.
खालून लोण्यासारखं उतरलं, फिकट, पिस्त्याच्या जवळपासचं,
आणि वालाचा तो उग्र वास सबंध घरभर.
सायीसकट दूध घातलं. आमसूल नाही, फाटलं असतं.
गुळाचा खडा, पनवेलच्या नावाने.

स्ट्रॉ वाटीत उभी राहिली.
कलली नाही, बुडाली नाही, तिच्यातून काही वर चढलं नाही.
मी पाणी आणायला उठले तर त्याने मनगट धरलं,
उजव्या गालावर बोट ठेवलं, अगदी मागे.

ती दाढ.
चौदा वर्षांपूर्वी काढली, नवी बसवली नाही.
"तिथे कोण बघायला येतंय?" म्हणाला होता,
आणि वाचलेल्या पैशांचं टेबल फॅन आणलं होतं.
मी तीन दिवस धुसफुसत होते.

औषधाच्या पिचकारीने तिथून सोडलं. थोडं.
वाट पाहिली.
गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.
मग आणखी थोडं.
अर्ध्या तासाने वाटी रिकामी,
हनुवटीवर हिरवट ओघळ, तो मी पदराने टिपला.

त्याने पाटी ओढली.
मीठ किंचित पुढे.

उरलेल्या डाळिंब्या मोजल्या, दोन वेळेपुरत्या.
एकतीस दिवस बाकी.
वन्संना पुन्हा फोन लावला.
"सूप ना ते," म्हणाल्या. मग जरा थांबून,
"किती किलो पाठवू?"