कड सुटेपर्यंत

दर चैत्रात गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरून
मी साबुदाण्याच्या पापड्या घालते.
खाली प्लास्टिक, वर खळ.
ऊन चढलं की दोघं एकमेकांना सोडतात.
एवढंच माझं शिक्षण समजा,
आणि सांगलीत, विश्रामबागच्या कॉलेजात
काचसामान धुण्याची सव्वीस वर्षं.

तेजल मगदूमला दोघांनी सोडायलाच नको होतं.

इलाही नदाफच्या भंगारातून गोणभर बाटल्या आल्या,
पुराच्या रेषेवर बाभळीत अडकलेल्या,
काहींच्या बुडाशी अजून कृष्णेचा गाळ.
मी लेबलं सोलली, कातरीनं चकत्या केल्या.
तिनं त्या ग्लायकॉलमध्ये
चिमूटभर जस्ताच्या क्षारासोबत दिवसभर उकळल्या.
संध्याकाळी गार पाण्यात ओतलं
तर बाटली नव्हतीच कुठे,
नुसत्या पांढऱ्या सुया,
थंडीत तूप कणी धरतं तशा.
"साखळी तुटली, मावशी!" ती ओरडली.
माझा हात उगाच गळ्याशी गेला.

घरी नवरा विचारतो,
कसली फिल्म काढताय म्हणे? हिरो कोण?
म्हटलं, मका.

पहिली तडकली, जतच्या आटल्या तळ्यासारखी.
चौथी चिकटली बोटांना.
नववी बरी होती, पण दुमडली तिथंच मोडली.
वहीत आकडे वाढत गेले
आणि तिच्या डब्यातली पोळी तशीच परत जायची.

सतराव्या वेळी मी तोंड उघडलं.
भट्टीत घालू नकोस बाई.
सावलीत ठेव, पंख्याचं तोंड भिंतीकडे कर.
कड आपसूक उचलते.
तोवर नख लावायचं नाही.

तिनं लिहिलं :
खोलीच्या तापमानाला, अठ्ठेचाळीस तास.
पापडीचं नाव काही वहीत आलं नाही.

पण उचलली कड.
काचेवरून सबंध निघाली, आवाज न करता.
खिडकीशी धरली तर पलीकडच्या स्कूटरी
ताकात बुडाल्यासारख्या.
तेजलनं ओढली, ताणली, पुन्हा ओढली.
मग मला दिली : "तुम्ही ओढा."

एक तुकडा कुंडीत पुरला होता.
चाळीसाव्या दिवशी उकरला.
मक्याचं होतं ते मातीनं खाल्लं होतं.
उरलेली जाळी चिमट्यात धरून
ती बराच वेळ गप्प.
हे किती दिवस राहील गं?
"माहीत नाही," म्हणाली, "परत पुरू."

यंदा पापड्या काढल्यावर
मी पहिल्यांदाच खालचा कागद उन्हात धरून बघितला.
जागोजाग खळीचे गोल.
ओल्या फडक्यानं पुसले.
निघाले नाहीत.