मगर

अलकापुरीत दुसऱ्या मजल्यावर, दाताच्या डॉक्टरशेजारी
आमचा परदेशी भाषांचा क्लास.
मी फॉर्म देते, फी घेते, गाल धरून आलेल्यांना
पलीकडचं दार दाखवते,
गुजरातीत, हिंदीत,
आणि दांडिया बाजारातलं कोणी असलं तर मराठीत.

सगळे एकच विचारतात, उपयोगाची कुठली?
दिघेसरांनी घोकून घेतलंय तेच मी म्हणते:
नर्सिंग असेल तर जर्मन.
कॅनडा असेल तर फ्रेंच, तिचे वेगळे मार्क मिळतात.
जपानीला नोकरी आहे, पण लिपीला धीर लागतो.
स्पॅनिश कोणी घेत नाही. घेतली तर दोन हजार सूट.

परवा ग्रॅहम आला, गुडघ्याला पट्टी.
सावलीच्या कारखान्यात आठ महिन्यांसाठी आलाय.
(सावली हे गावाचं नाव. ऊन भरपूर.)
इंग्रजी त्याच्या घरचीच.
म्हणाला, मी कुठली शिकू?

तक्त्यात हे नव्हतं.
आमच्याकडे लोक जायला शिकतात,
हा तर येऊन बसलेला.
विचारलं, कशाला हवी?

तर गेल्या महिन्यात विश्वामित्री त्याच्या सोसायटीत शिरली, ओसरली.
हा पार्किंगमध्ये गाडी बघायला उतरला
आणि तिसऱ्या मजल्यावरून जसुबेन ओरडल्या:
मगर! मगर!

फोनवर तो रोज दहा मिनिटं हिंदी शिकायचा.
मगर म्हणजे 'पण'. धडा चौथा.
चिखलात उभा राहून वर बघत राहिला,
बाईंचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत.
पण काय? पण काय?

पुढचं वाक्य गाडीखालून आलं, सावकाश,
शेपटी ओढत.

जिन्यावर गुडघा फुटला, बाकी शाबूत.
मी हसले, मग पाणी दिलं.
तो विचारत होता, बाई ओरडल्या ती भाषा कुठली?
गुजराती असेल. वॉचमन छपऱ्याचा, तोही तेच ओरडला म्हणे.
आणि आमच्या घरीसुद्धा मगरच म्हणतात,
मी खिडकीत असते तर मीही तेच ओरडले असते
आणि तू तसाच थांबला असतास.
एवढं इंग्रजीत सांगेपर्यंत
दिघेसर केबिनमधून बाहेर आले
आणि त्याला स्पॅनिश विकली.
जगात किती देश, किती कोटी माणसं, सगळं सांगून.
सूट धरून पावती मीच फाडली.

साडेसहाच्या जर्मनला मी मागच्या बाकावर बसते,
स्टाफला फुकट.
कशाला, ते घरी अजून बोलले नाही.
'पण' येतं मला: आबर.
आबर म्हटलं की क्रियापद कुठं जातं तेही येतं.
मगर आलेली नाही. ती म्हणे पुढच्या पुस्तकात,
प्राणिसंग्रहालयाच्या धड्यात.

काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून घरी जाताना
स्कूटर हळू करून खाली बघते.
ओंडकाच असतो बहुतेक.
ओंडक्याला काय म्हणतात
तेही विचारून ठेवायला हवं.